शनिवारी दुपारी तीन वाजता



इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. १९६० च्या दशकापासूनची ही बंदी. मोठ्या संघांचा खेळ घरबसल्या दिसू लागला, तर गावच्या मैदानावर तिकीट काढून कोण जाणार, ही त्यामागची काळजी. या खेळात आता पैशाचा महापूर आला आहे, तरीही ही बंदी टिकून आहे, याचं मला फार मोल वाटतं. आज ज्या मैदानांविषयी बोलणार आहे, ती त्या अडीच तासांवरच जगतात.

प्रीमियर लीगचे वीस संघ आपल्याकडच्या पोरांनाही तोंडपाठ असतात. त्याखाली आणखी तीन श्रेणी, प्रत्येकीत २४ संघ. असे एकूण ९२. आणि त्यांच्याही खाली जे शेकडो क्लब खेळतात, त्या सगळ्यांना मिळून तिकडे नॉन-लीग म्हणतात. तिथले बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी दिव्याच्या उजेडात सराव करतात. वर जायची वाट मात्र खुली आहे. पूर्वी त्यासाठी वरच्या क्लबांकडे मतं मागावी लागत. १९८७ साली स्कारबरोचा संघ पहिल्यांदा केवळ आपल्या खेळाच्या जोरावर वर चढला. खेळाडूंनाही ही वाट सापडते. जेमी वार्डी शेफिल्डजवळच्या स्टॉक्सब्रिजच्या छोट्या क्लबात खेळायचा आणि पोटासाठी कारखान्यात काम करायचा. २०१६ साली तोच वार्डी लेस्टरकडून प्रीमियर लीगचा विजेता झाला.

मुलगी शेफिल्डला राहते, त्यामुळे मला सँडीगेट पाहता आलं. हॅलम क्लबचं हे मैदान. २६ डिसेंबर १८६० रोजी इथे हॅलम आणि शेफिल्ड हे दोन क्लब एकमेकांशी खेळले, आणि जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. त्या वेळी लंडनची फुटबॉल असोसिएशन जन्मालाही आली नव्हती. ती आली १८६३ साली. शेफिल्डवाल्यांचे नियम त्यांचे स्वतःचे होते. आज आपण ज्याला कॉर्नर किक म्हणतो, ती त्यांच्याच नियमांतून पुढे सगळीकडे गेली.

एवढा इतिहास असलेली जागा म्हणजे काही भव्य असेल असं वाटेल. तसं काही नाही. दारावर एक वयस्क गृहस्थ पैसे घेतात. आत गेलं की कमरेएवढा कठडा, आणि त्यापलीकडे दोन-चार पावलांवर खेळाची रेघ. मैदानाला उतार आहे, तोही नजरेला सहज जाणवणारा. चढाकडे मारलेला चेंडू मधेच मरतो, उताराकडे सोडलेला थांबता थांबत नाही, आणि घरचा संघ हे हिशेब पायात मुरवून खेळतो. मी गोलच्या मागे उभा होतो. गोलकीपर बचावपटूंना नावं घेऊन ओरडत होता, ‘डावीकडे बघ, तुझ्यामागे आहे!’ ते मला त्यांच्याइतकंच स्पष्ट ऐकू येत होतं. दोन खेळाडू चेंडूसाठी भिडले की नडगीला नडगी लागल्याचा आवाज येतो. टीव्हीवर हा आवाज कधी ऐकला नव्हता. मध्यांतर झालं, संघांनी बाजू बदलल्या, तसे घरचे प्रेक्षकही चहाचे कप हातात धरून चालत दुसऱ्या गोलमागे जाऊन उभे राहिले. मोठ्या स्टेडियमवर आपल्या नंबरच्या खुर्चीत बसलेल्याला हे कधी करता येत नाही.

दारावर पैसे घेणारे ते गृहस्थ सामना संपल्यावर कोपऱ्यांतले झेंडे उपटून आणत होते. पगार नाही. गवत कापणं, चहा करणं, जर्सी धुणं, सगळं असंच चालतं. मी कोल्हापूरचा. तालमीच्या संघासाठी पेठेतली माणसं काय काय करतात हे लहानपणापासून पाहत आलो आहे, त्यामुळे त्या माणसाशी बोलायला मला फारशी ओळख लागली नाही.

उताराचा विषय निघाला म्हणून योव्हिल या नॉन-लीग क्लबाची गोष्ट सांगतो. या गावाच्या ह्यूइश मैदानाचा उतार प्रसिद्ध होता. १९४९ साली लहान-मोठे क्लब एकमेकांसमोर येतात त्या एफ. ए. कपमध्ये तिथे पहिल्या श्रेणीतला बलाढ्य सँडरलंड आला आणि २-१ असा हरून गेला. पुढे १९७२ मध्ये याच स्पर्धेत, चिखलाने भरलेल्या मैदानावर, नॉन-लीगमधल्याच हेरेफर्डने न्यूकॅसलला त्याच फरकाने हरवलं. हेरेफर्डच्या रॉनी रॅडफर्डने लांबून मारलेला गोल इंग्लंडमध्ये आजही दाखवतात. हा रॅडफर्ड पेशाने सुतार. या विजयांची आठवण लोक पिढ्यान्‌पिढ्या काढतात. पण योव्हिलचं ते मैदान आज नाही. १९९० साली ते बंद झालं आणि त्या जागी सुपरमार्केट उभं राहिलं.

मला काळजी वाटते ती याची. शहरातल्या जमिनीला सोन्याचा भाव आला की आठवड्यातून एकदा भरणारं मैदान कोणाच्याही डोळ्यांवर येतं. दक्षिण लंडनमधला डलिच हॅम्लेट हा १८९३ सालचा क्लब. याचाच एडगर केल १९२९ मध्ये इंग्लंडकडून खेळला. नॉन-लीगमधून तो थेट राष्ट्रीय संघात गेला. अशा क्लबाला २०१८ साली जमिनीच्या वादात स्वतःच्या मैदानाबाहेर पडावं लागलं. महिनोन्‌महिने दुसऱ्यांच्या मैदानावर खेळून, समर्थकांनी आवाज उठवल्यावर, वर्षअखेरीस तो घरी परतला. समर्थकांचं बळ म्हणाल, तर लुइस गावचा क्लब समर्थकांच्याच मालकीचा. त्याने २०१७ साली स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या संघांना सारखा पैसा द्यायचं ठरवलं. मोठ्यांना जे जमलं नाही ते या छोट्या गावाने करून दाखवलं.

श्रोतेहो, आता आपली पुष्कळ मुलं शिकायला, नोकरीला इंग्लंडमध्ये आहेत. त्यांच्याकडे गेलात तर मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड जरूर पाहा, पण एक शनिवार राखून ठेवा. ऑगस्ट ते एप्रिल हा हंगाम. राष्ट्रीय संघाच्या सामन्यांसाठी वरच्या दोन श्रेणी थांबतात, अशा एका शनिवारी २०१० पासून तिकडे ‘नॉन-लीग डे’ साजरा करतात. तो साधला तर उत्तमच. बहुतेक ठिकाणी तिकीट आधी काढावं लागत नाही. कानटोपी घाला, तीनच्या आधी पोहोचा, आणि चहा मैदानातल्याच खिडकीवर घ्या. त्या पैशांतून क्लबाचं विजेचं बिल भरलं जातं.