मुद्गल की यंत्र?



विदर्भात बलोपासनेची परंपरा जुनी आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. त्या पिढ्या मुद्गलावर घडल्या. आज नागपूरच्या उद्यानांत खुल्या व्यायामशाळांची यंत्रे उभी आहेत.

मग जिल्ह्यातील ग्रामपंचायतीने व्यायामशाळेसाठी काय घ्यावे? नियमित सरावाने बळ दोहोंनी वाढते. यंत्र हालचालीची वाट आखून देते. नवशिक्यांना व वृद्धांना ते सोयीचे. डंबेल, बारबेल वा मुद्गल पेलताना तोलही सावरावा लागतो; शेतात पोते उचलणाऱ्यास तोच सराव उपयोगी. ही साधने स्वस्त व टिकाऊ. मात्र शिकविणारा हवाच. म्हणून आधी प्रशिक्षक, मग खरेदी. गंजलेले यंत्र आणि धूळ खात पडलेला मुद्गल कोणाचेच बळ वाढवीत नाहीत.