नववर्षाचे पथ्य साऱ्या घराचे



पाडव्याचा कडुनिंब सारे घर मिळून खाते, तोही गुळासोबत. म्हणून ती प्रथा टिकली. पथ्य मात्र आपण एकट्या रुग्णाच्या पानात वाढतो. रक्तदाबाच्या आजोबांना अळणी भाजी, शेजारच्या पानात लोणचे-पापड! असे पथ्य फार दिवस चालत नाही, हे आम्ही बाह्यरुग्ण विभागात नित्य पाहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा मीठ खावे. ही मर्यादा निरोग्यांनाही लागू आहे. तेव्हा साऱ्या घरानेच हात आखडता घ्यावा. लिंबू, कोथिंबीर, जिरे यांनी चव खुलते आणि जीभ काही आठवड्यांत सरावते. सायंकाळी नातवंडांसह भरभर चालावे. आठवड्याला किमान १५० मिनिटे.

एक आग्रह मात्र आहे. बरे वाटते म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. कित्येकांना तो पक्षाघातानंतर येथे आल्यावरच कळतो.

आमच्या उपाहारगृहातील टेबलांवरच्या मीठदाण्या पाडव्यापासून उचलल्या जातील. मीठ मिळेल, पण मागावे लागेल.