विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणि स्वहस्ते बांधलेली तपासणीसाधने
(तंत्रशिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. विमानातील बिनतारी व मार्गदर्शक यंत्रे तपासण्याची कारखानी साधने अतिशय महाग असतात. त्यामुळे अमेरिकेत स्वतःची लहान विमाने बांधणारे हौशी लोक आणि छोट्या दुरुस्तीशाळा यांच्यात अशी साधने हातांनी बांधण्याची परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात विकल्या गेलेल्या लष्करी साहित्याने तिला मोठा हातभार लावला.

यांतील पुष्कळ साधने अगदी साधी असतात. 28 व्होल्टचा एकदिश पुरवठा, प्रत्येक तारेवरील दाब सहज मोजता यावा म्हणून केलेली जोडपेटी, प्रक्षेपकाची शक्ती हवेत न सोडता उष्णतेत जिरवणारा 50 ओहमचा रोध. एवढ्यावर निम्मे दोष सापडतात, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

खरी कसोटी लागते ती विमान उतरविण्याच्या मार्गदर्शक यंत्राच्या बाबतीत. धावपट्टीच्या टोकाकडून येणाऱ्या बिनतारी लहरींवर दोन नाद चढविलेले असतात. एक सेकंदाला 90 कंपनांचा, दुसरा 150 कंपनांचा. उतरणाऱ्या विमानाच्या दृष्टीने मध्यरेषेच्या डावीकडे पहिला नाद प्रबळ असतो, उजवीकडे दुसरा. दोन्ही सारखे असले म्हणजे वैमानिकापुढील काटा मध्यावर राहतो. तेव्हा दोन दोलक व एक अल्पशक्ती लहरजनक जुळविला की तपासणीयंत्र तयार झाले, असे कोणासही वाटेल.

धोका नेमका येथेच आहे. मध्यरेषेवर प्रत्येक नादाची मात्रा 20 टक्के असावयास हवी. घरी बांधलेल्या यंत्रात एक 19 व दुसरा 21 टक्के झाला, तर कानाला काहीच कळणार नाही. काटा मात्र पूर्ण विचलनाच्या सुमारे 13 टक्के सरकेल. धावपट्टीच्या उंबरठ्यावर याचा अर्थ सुमारे 14 मीटर. मोठ्या विमानतळाची धावपट्टी सामान्यतः 45 मीटर रुंद, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत अवघे साडेबावीस मीटर! तंत्रज्ञाने अशा साधनावर विसंबून काटा ‘दुरुस्त’ केला, तर निर्दोष यंत्र सदोष होऊन विमानात परत जाईल आणि धुक्यात वैमानिक त्याच काट्यावर भरवसा ठेवील.

यावर उपाय अवघड नाही, पण चिकाटीचा आहे. दोन्ही नाद एकाच मोजयंत्रावर, एकामागून एक मोजावेत. म्हणजे मोजयंत्राची स्वतःची चूक दोहोंना सारखीच लागते व तुलना खरी उतरते. मोजणी दोलकाशी न करता नाद लहरीवर चढल्यानंतर करावी, कारण मधल्या मंडलातही मात्रा बदलते. त्यानंतर ते साधन मान्य प्रमाणाशी ताडून घ्यावे. भारतात मान्यताप्राप्त दुरुस्तीसंस्थांना नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार अशा अंशशोधनाची नोंद ठेवावी लागते. अमेरिकेचा नियम निर्मात्याने सुचविलेल्या साधनाऐवजी त्याच्या तोडीचे, शासनास मान्य असे साधन वापरू देतो. मात्र ‘तोडीचे’ हे सिद्ध करण्याचे ओझे बांधणाऱ्यावरच पडते, आणि ते योग्यच आहे.

आणखी एक पथ्य. लहरजनकाला आकाशतार कधीही जोडू नये. 108 ते 112 मेगाहर्ट्झ हा पट्टा खऱ्या विमानांचा आहे. कितीही क्षीण असला तरी खोटा संकेत तेथे सोडणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. संकेत आच्छादित तारेतूनच ग्राहकयंत्रात जावा.

नाशिकजवळच्या ओझर येथील विमान कारखान्यात जाण्याची उमेद धरणारे विद्यार्थी आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत असतात. विमानातून कायमचे काढलेले एखादे ग्राहकयंत्र मिळाल्यास त्यांच्याकडून असे साधन अवश्य बांधून घ्यावे व त्यावर ‘केवळ शिक्षणासाठी’ अशी ठळक पट्टी लावावी. मग एक नाद किंचित कमी करावा आणि काटा कोठे जातो ते त्यांना टिपून ठेवू द्यावे.