माणसं घडवणारा मुलूख



 सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत कुठल्याही कारखानदाराशी बोला, दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. इथं उद्योगाला पोषक परिस्थिती नाही, आणि चांगली माणसं टिकत नाहीत. या मुलखाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात त्यांच्या नांगरांच्या कारखान्याचा जम बसतो आहे तोच नगरपालिकेला ती जागा हवी झाली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि वर दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि कुंडल सांगलीत. तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात होती.

तिथली परिस्थिती कशी होती? निवडुंग, साप, पाण्याची टंचाई. शेतकऱ्याला वाटे, लोखंडी नांगरानं जमीन नासते. पोषक होती ती एकच गोष्ट : राज्यकर्त्याचा विश्वास. लक्ष्मणरावांनी तोच विश्वास पुढं माणसांवर टाकला. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक अभियंता झाले. कारकून म्हणून आलेले मंगेशराव रेगे हिशेबाचा आणि व्यवहाराचा कणा झाले. दरोड्याची शिक्षा भोगलेल्या तुकाराम रामोशींवर वसाहतीची राखण सोपवली गेली. यांतल्या कुणालाही आजच्या आपल्या भरतीच्या अर्जात पहिली चाळणीसुद्धा पार करता आली नसती. याचा विचार मला फार अस्वस्थ करतो.

याच किर्लोस्करांचे नांगर विकत एक तरुण गावोगाव हिंडला, ओगलेवाडीच्या काच कारखान्यासाठीही त्यानं काम केलं. ते भाऊराव पाटील. नांगर विकताना त्यांनी खेड्यातली हुशार पण शाळेबाहेरची मुलं पाहिली असणार, असं मला नेहमी वाटतं. 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. ओगलेवाडीच्या त्या कारखान्यात बनणाऱ्या प्रभाकर कंदिलाची गोष्ट मात्र वेगळी झाली. घरोघर वीज आली, कंदिलाचा काळ सरला आणि पुढं कारखाना बंद पडला. परिस्थितीचा फटका खरा असतो, हे मी नाकारत नाही. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर सोसलेल्या सांगलीकरांना तर ते सांगायलाच नको.

पण आता दुष्काळी पट्ट्याकडं पाहा. विटा, खानापूर, आटपाडी, तिकडं खटाव, माण. पाऊस नाही, पीक नाही, कारखाना नाही. तिथली पोरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पसरली. पंजाब असो, तामिळनाडू असो, सराफ कट्ट्याजवळ विट्याकडचं दुकान सापडतंच. मामा भाच्याला नेतो, चुलता पुतण्याला. पोरगं आधी झाडलोट करतं, भट्टी सांभाळतं, तेजाब हाताळायला शिकतं, मग सोन्याचा कस ओळखू लागतं. नजर आणि नियत दोन्ही पारखून झाली की हातात गिऱ्हाइकाचं सोनं येतं. आणि एक दिवस मामाच त्याला दुसऱ्या गावात दुकान टाकून देतो. त्या पोराला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की आपल्याला इथं झाडूच मारत बसायचं नाही. कुठल्याही पदवीशिवाय हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला तो या एका खात्रीवर.

ही खात्री आपल्या कारखान्यांत आहे का? सांगलीला अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 मध्ये निघालं, तेच आजचं वालचंद. कऱ्हाडचं शासकीय महाविद्यालय 1960 चं. इतकी वर्षं आपण अभियंते तयार करतो आहोत आणि ते पुण्याची गाडी धरतात. पगार हे कारण आहेच. पण मला भेटलेली मुलं दुसरंही काही सांगतात. इथं मालकाचा मुलगा परतला की वरची खुर्ची भरते. आपण दहा वर्षांनी कुठं असू, हे कुणी सांगत नाही. कंत्राटावरच्या कामगाराला तर पुढच्या वर्षीचंही ठाऊक नसतं. ज्याला उद्याचा भरवसा नाही, तो यंत्रातला दोष सांगायला पुढं येत नाही. मग माल परत येतो, गिऱ्हाईक तुटतं, आणि ताळेबंदात त्याला आपण मंदी म्हणतो.

कौटुंबिक उद्योगाला माझा विरोध नाही. भिलवडीला 1939 मध्ये सुरू झालेला चितळ्यांचा दूध व्यवसाय पिढ्या सांभाळूनच वाढला. माझं म्हणणं एवढंच की घराबाहेरच्या माणसालाही वर जाण्याची वाट दिसली पाहिजे, आणि ती लेखी असली पाहिजे.

म्हणून दुपारच्या सत्रासाठी एक ठराव मांडतो. कुपवाड, मिरज, इस्लामपूर, कऱ्हाड, सातारा इथल्या प्रत्येक सभासद उद्योगानं वार्षिक अहवालात तीन आकडे द्यावेत : गेल्या पाच वर्षांत मशीनवरचे किती कामगार पर्यवेक्षक झाले, किती कंत्राटी माणसं कायम झाली, आणि सोडून गेलेल्यांपैकी कितीजणांना कारण विचारलं. ठरावाला अनुमोदन देण्यासाठी नावं सत्राच्या सुरुवातीलाच द्यावीत. चर्चेला पुरेसा वेळ ठेवला आहे.