१८५०च्या आधीचं माथेरान

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आजच्या विषयाला मी एका वाक्यापासून हात घालतो. ‘माथेरानचा शोध १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांनी लावला.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, शाळेच्या निबंधात लिहिलं आहे, पाहुण्यांना सांगितलं आहे. ते मुळात इंग्रजीत लिहिलं गेलं. आपण ते जसंच्या तसं मराठीत घेतलं, आणि घेताना त्याला काही विचारलं नाही. ते विचारण्यासाठी मी आज उभा आहे.

घटना खरी आहे, त्यात वाद नाही. १८५०च्या मे महिन्यात मॅलेट आपल्या खालापूर तालुक्यातल्या चौक गावी मुक्कामाला होते. तिथून ते वन ट्री हिलच्या बाजूनं वर चढले आणि रामबागच्या बाजूनं उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा आले, राहिले, आणि पुढे त्यांनी ‘बाइक’ नावाचा बंगला बांधला. १८५५ साली गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले. १८५६ साली कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि नेरळ मुंबईच्या हाताशी आलं. १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशानं आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीनं दोन फूट रुंदीच्या रुळांवरची आपली गाडी डोंगर चढली. हा सगळा इतिहास तारीखवार लिहिलेला आहे.

पण मॅलेट वर आले तेव्हा डोंगर मोकळा होता का? मुळीच नाही. इथे धनगरांची गुरं चरत होती. ठाकर आणि कातकरी या रानात वावरत होते, डोंगराच्या अंगाखांद्यावर त्यांच्या वाड्या होत्या. पिसारनाथ हे आपलं ग्रामदैवत. ‘माथेरान’ हे नाव मराठी आहे, ते कुणा साहेबानं ठेवलेलं नाही. ज्या डोंगराला नाव आहे, तो कुणाच्या तरी ओळखीचा असतो. मग मॅलेटनी जे केलं त्याला काय म्हणायचं? मुंबईच्या उन्हाळ्यानं हैराण झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी थंड हवेची जागा मिळवून दिली, असं म्हणा. तेवढं श्रेय त्यांचं आहेच.

आता मुद्द्यावर येतो. इंग्रजीनं या डोंगराचा आणि इथल्या माणसांचा भूतकाळ लिहिला कसा? जुने ग्रंथ उघडा, तिथे दोन तऱ्हा दिसतात. साहेबाबद्दल लिहिताना नाव, हुद्दा, महिना, साल असतं. तो आला, चढला, त्यानं बांधलं. त्याच डोंगरावरच्या धनगराबद्दल, ठाकराबद्दल लिहिताना मात्र वाक्य एकदम वर्तमानकाळात जातं. ठाकर असा असतो, कातकरी तसा राहतो, हे खातो, त्याला भजतो. तिथे साल नाही, व्यक्तीचं नाव नाही, कालच्यापेक्षा आज काही बदललं असेल ही शंकाही नाही. एकाच्या वाट्याला इतिहास आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला स्वभाव.

जवळून एक उदाहरण पाहू. १८७१ साली डॉ. जे. वाय. स्मिथ यांचं माथेरानवरचं पुस्तक निघालं. त्याच्या नावातच सांगितलं आहे की हे पुस्तक माथेरानच्या टेकडीबद्दल, तिथल्या माणसांबद्दल, वनस्पतींबद्दल आणि प्राण्यांबद्दल आहे. एका ओळीत तिघं बसवले आहेत. आपल्या झाडांची नोंद त्या काळी कुणी घेतली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण यादीतलं माणसांचं स्थान नीट पाहा. झाडाला जसा बहर आणि प्राण्याला जशी सवय, तशी माणसाला चालरीत. अशा यादीतल्या माणसाला कुणी विचारत नाही की तुझा आजा कुठून आला, कुठली वाट त्यानं पाडली, कुठल्या दुष्काळात तो इथे चढला.

पुढे १८८२ साली जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर आलं. तेव्हा माथेरान ठाणे जिल्ह्यात होतं, नंतर आपण कुलाब्यात आलो, आणि १९८१पासून त्याच जिल्ह्याला रायगड म्हणतात. त्या गॅझेटियरमध्ये ठाकर, कातकरी, वारली यांना ‘अर्ली ट्राइब्ज’ या सदराखाली घातलं आहे. ही माणसं तेव्हा जिवंत होती, लाकूड तोडत होती, शेतात राबत होती. तरी त्यांना आधीच्या काळातली ठरवलं गेलं. ज्याला असं मागच्या काळात ढकललं, त्याच्या आजच्या जमिनीचा, जंगलाचा, मजुरीचा प्रश्न कुणाला ऐकू येईल? कात पाडणारा कातकरी जंगल कायद्यांमुळे रानातून हुसकावला गेला आणि वीटभट्टीवर पोचला, तो असा.

१८७१ हे वर्ष आणखी एका कारणानं लक्षात ठेवायला हवं. त्याच साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि देशातल्या कितीतरी जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारतानं तो १९५२ साली रद्द केला. त्यानंतर इंग्रजीत त्यांना काय म्हणू लागले? माजी गुन्हेगार जमाती. शिक्का पुसला, पण पुसलेल्या शिक्क्याची खूण कपाळावर राहिली. माणूस पूर्वी काय होता हे दुसऱ्यानं ठरवलं, की त्याचं आजचं जगणंही दुसऱ्याच्याच हाती जातं.

याच डोंगरावर जन्मलेल्या एका माणसाकडे वळू. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले हुतात्मा भाई कोतवाल. १ डिसेंबर १९१२ला माथेरानमध्ये, नाभिक कुटुंबात जन्म. वकील झाले, इथल्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, वाड्यापाड्यांत शाळा चालवल्या. १९४२च्या आंदोलनात आझाद दस्ता उभा केला, मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह त्यांना वीरमरण आलं. त्यांना नाव आहे, तारखा आहेत, करणी आहे, कारण त्यांचा इतिहास त्यांच्याच माणसांनी मराठीत सांगितला, पोवाड्यांत गायला, मुलांना शिकवला. हीच गोष्ट बाकीच्यांसाठी करायची राहिली आहे.

आणि हा प्रश्न जुन्या ग्रंथांपुरता नाही. मॅलेट ज्या चौक गावातून वर चढले, त्याच चौक ग्रामपंचायतीतली इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडले नाहीत, त्यांना मृत मानण्यात आलं. त्यानंतरच्या बातम्यांत त्या वाडीची ओळख एवढीच उरली: दरडीखाली गेलेली आदिवासी वाडी. तिथे ठाकर समाजाची घरं नांदत होती. वरी-नाचणीची शेती होती, लग्नं होत होती, मुलं शिकायला डोंगर उतरत होती. वाडीला शेवटच्या रात्रीआधी एक मोठं आयुष्य होतं. वाचलेली माणसं आज खाली नव्या घरांत राहतात. त्यांच्याकडून ते आयुष्य ऐकून लिहून घेणं हे आपलं, इथल्या शिकल्यासवरलेल्या लोकांचं कर्तव्य आहे.

मग इथल्या पॉइंटांची आणि तळ्याची इंग्रजी नावं पुसून टाकायची का? मी तसं म्हणत नाही. पॅनोरमा, लुइझा, एको, शार्लट लेक ही नावं पाच-सहा पिढ्या आपल्या तोंडी आहेत, आपल्या घोडेवाल्यांनी आणि हमालांनी ती घासूनपुसून आपली केली आहेत. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रचंड खडकाचं उदाहरण घ्या. १८७३ साली एका गोऱ्या सर्वेक्षकानं त्याला एअर्स रॉक नाव दिलं. तिथल्या मूळ रहिवाशांसाठी तो कायम उलुरूच होता. १९९३ साली सरकारनं दोन्ही नावं अधिकृत केली. एक खोडून दुसरं लिहिलं नाही, झाकलेलं उघडं केलं. आपणही तेच करावं. पॉइंटच्या फलकावर त्या कड्याखालच्या वाडीचं नाव लिहावं. तिथून कुठली वाट उतरते, त्या वाटेनं दूध आणि भाजी घेऊन कोण वर येतं, हेही लिहावं. जुम्मापट्टी स्टेशनाहून गाडी पुढे जाते तेव्हा प्रवाशाला खालच्या माणसांची ओळख व्हावी. हे काम नगरपरिषद करू शकते, शाळा करू शकतात. वाड्यांतल्या मुलांनी आपल्या आज्या-आजोबांना विचारून लिहून आणावं, आणि ते छापावं.

शेवटची गोष्ट सर्वांत तातडीची आहे. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि चालकांचं पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. माणसानं माणसाला ओढणं थांबलंच पाहिजे, मी त्या आदेशाचं मनापासून स्वागत करतो. पण यापुढे हे रिक्षावाले इतिहासात जातील. त्यांच्याबद्दल कोण लिहिणार आहे? बाहेरचा कुणी आला तर ‘पूर्वी इथे माणसं माणसांना ओढत’ एवढं एक वाक्य लिहून निघून जाईल. दस्तुरीच्या चढावर रिक्षा तिघं मिळून कशी आवरायची, पावसाळ्यात लाल मातीत पाय कसा रोवायचा, आजारी माणसाला रात्री खाली कसं न्यायचं, त्या कमाईवर घरातली मुलं कशी शिकली, हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. ती माणसं आज आपल्यात आहेत. त्यांची नावं, त्यांची सालं, त्यांचं म्हणणं त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. हे काम या मे महिन्यातच सुरू करा. आपण पूर्वी कोण होतो हे सांगण्याचा पहिला हक्क आपला आहे, आणि तो हक्क लिहूनच बजावता येतो.