आळे आणि कुंपण

रोप लावणे हे एका दिवसाचे काम असते आणि ते जगविणे हे पुष्कळ वर्षांचे, ही गोष्ट बागाईत करणाऱ्या माणसास सांगावी लागत नाही. रोपासाठी तो दोन गोष्टी करतो. बुडाशी आळे करतो आणि भोवती कुंपण घालतो. कुंपणाने गुरे आवरतात. मुळांना पाणी मिळते ते मात्र आळ्यातूनच. कुंपण भक्कम आणि आळे कोरडे अशी स्थिती झाली, म्हणजे रोप कुंपणाच्या आतच वाळून जाते. एखाद्या शहरात नवी ख्रिस्ती मंडळी उभी करणे हे कामही असेच आहे. जयपूर शहरात ते कसे घडले, कोठे फसले आणि त्यातून श्रद्धेविषयी काय शिकावयास मिळते, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

‘मंडळी’ हा शब्द मी बुद्ध्या वापरला. ‘चर्च’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घंटा, मनोरा आणि रंगीत काचांच्या खिडक्या उभ्या राहतात. मराठी ख्रिस्ती लोकांनी मात्र त्यासाठी ‘मंडळी’ हा शब्द रूढ केला. त्यात दगडविटा नाहीत, माणसे आहेत. हा भेद मनात ठेवल्यावाचून जयपूरची हकीकत नीट उमगत नाही.

जयपूर वसले ते १७२७ साली. ते वसविणारे सवाई जयसिंग हे ज्योतिषशास्त्राचे मोठे व्यासंगी होते. त्यांची वेधशाळा आजही उभी आहे. यूरोपातील ग्रहगणित आपल्या गणिताशी ताडून पाहावे, या हेतूने त्यांनी फादर मनुएल द फिगेरेदो यांच्याबरोबर पोर्तुगालला एक शिष्टमंडळ धाडले. पुढे १७३४ मध्ये चंद्रनगरहून बूदिए आणि पाँस हे दोन फ्रेंच जेझुइट धर्मगुरू जयपुरास येऊन गेले. १७४० मध्ये श्ट्रोब्ल आणि गाबेल्सपर्गर हे दोन जर्मन धर्मगुरू दरबारात दाखल झाले. एवढा राजाश्रय हिंदुस्थानात फारच थोड्या धर्मोपदेशकांच्या वाट्यास आला असेल.

पण १७४१ साली गाबेल्सपर्गर जयपुरातच वारले, आणि १७४३ मध्ये खुद्द जयसिंगांचे देहावसान झाले. त्यांच्या मुलांत गादीसाठी भाऊबंदकी माजली. तीत होळकर-शिंद्यांच्या फौजाही उतरल्या होत्या, हे मराठी श्रोत्यांस ठाऊक आहेच. जयसिंगांच्या वेधशाळेसाठी म्हणून निघालेले टीफेनटालर नावाचे आणखी एक धर्मगुरू त्याच वर्षी हिंदुस्थानात पोहोचले. पण ज्याच्यासाठी यावयाचे तो राजाच उरला नव्हता. त्यांनी पुढली पुष्कळ वर्षे नरवर येथे काढली. जयपुरात मागे राहिले ते द सिल्वा यांचे वैद्यकी करणारे घराणे. बाजारात, आळीत, विणकराच्या आणि कुंभाराच्या घरात रुजलेली मंडळी मात्र त्या राजाश्रयातून निपजली नाही. राजाला या पाहुण्यांजवळचे गणित हवे होते, आणि ते त्यांनी मनःपूर्वक दिले. त्यांच्याजवळ दुसरेही काही देण्यासारखे होते. पण ते घेणारे लोक दरबाराच्या भिंतीबाहेर होते. तात्पर्य, कुंपण उत्तम होते. आळे झालेच नव्हते.

यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. १८५७ च्या उत्पातानंतर स्कॉटलंडमधील युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चने राजपुतान्यात काम करण्याचे ठरविले. शूलब्रेड आणि स्टील असे दोन तरुण उपदेशक मुंबईस उतरले. त्यांना वाट दाखविण्यासाठी डॉक्टर जॉन विल्सन त्यांच्याबरोबर निघाले. १८२९ पासून मुंबईत राहून मराठी आपलीशी केलेले, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही चौपाटीवर उभे आहे, तेच हे विल्सन. त्या प्रवासातच स्टील यांना मृत्यूने गाठले. कामाचा आरंभ होण्यापूर्वीच दोघांतला एक गेला. १८६० साली शूलब्रेड यांनी ब्यावर येथे एकट्याने काम सुरू केले. ज्यास आपण योजना म्हणतो ती किती ठिसूळ असते, याचा हा पहिला धडा. बी पेरणे एवढेच आपल्या हाती असते. कोणते बी उगवावे, हे आपल्याला विचारून ठरत नाही.

जयपूरचे दार उघडले ते तर योजनेबाहेरच. याच मिशनचे डॉक्टर कॉलिन व्हॅलेंटाइन १८६६ मध्ये हवापालटासाठी डोंगराळ मुलखाकडे जात असता वाटेत जयपुरास थांबले. महाराजा रामसिंग दुसरे हे तेव्हा गादीवर होते. राणीसाहेब आजारी होत्या. व्हॅलेंटाइन यांच्या उपचाराने त्यांना गुण आला, आणि महाराजांनी डॉक्टरांना राजवैद्य म्हणून राहण्याचा आग्रह केला. आपण धर्मोपदेशकच राहू, ही गोष्ट आडपडदा न ठेवता सांगूनच त्यांनी ते पद पत्करले. महाराजांनीही ती अट मान्य केली. दोघांच्याही सचोटीस ही गोष्ट शोभा देणारी आहे. सुमारे चौदा वर्षे व्हॅलेंटाइन जयपुरात राहिले. पुढे १८८१ मध्ये त्यांनी आग्र्यास हिंदी तरुणांना वैद्यकी आणि धर्मसेवा यांचे शिक्षण देणारी संस्था काढली.

येथे एक अडचण आपोआप उभी राहते. राजवैद्याच्या औषधाला लोक येतात. पण त्याच्या उपदेशाला येणारा माणूस सत्यासाठी येतो, की दरबारात वशिला लागेल म्हणून येतो, हे कसे ओळखावे? आणि खऱ्या जिज्ञासूच्या बाबतीत तरी त्याचे घर, त्याची जात, त्याची पंगत या साऱ्यांना राजाची परवानगी थोडीच बांधून ठेवते? ज्या दिवशी तो बाप्तिस्मा घेईल, त्या दिवशी आईच्या चुलीशी त्याला जागा उरणार नाही. ही किंमत राजाही चुकवू शकत नाही, आणि मिशनही चुकवू शकत नाही. जयपूरची मंडळी लहानच राहिली, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही.

पुढच्या पिढीत जयपुरास मॅकॅलिस्टर नावाचे पाद्री होते. त्यांचे एक काम मला राजाश्रयापेक्षाही मोलाचे वाटते. जयपूर राज्यात ठिकठिकाणी ज्या निरनिराळ्या बोली चालत, त्यांचे नमुने त्यांनी गोळा केले. लोकांच्या तोंडच्या गोष्टी, शब्द, व्याकरण, सारे नीट मांडून १८९८ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. ग्रिअर्सन साहेबांनी भारतीय भाषांच्या पाहणीत जयपूरच्या बोलींविषयी लिहिताना याच कामाचा मोठा आधार घेतला. त्या पाहणीत तुलनेसाठी प्रत्येक बोलीत एकच कथा उतरवून घेत असत. ती म्हणजे घर सोडून गेलेल्या आणि सर्व उधळून परत आलेल्या मुलाची येशूने सांगितलेली कथा. देशातील शेकडो बोलींत बापाने मुलास ओळखले आणि धावत जाऊन कवटाळले! पाहणी करणाऱ्यांचा हेतू व्याकरणाचा होता. पण उपदेशकाला यात निराळाच अर्थ दिसावा. बोलण्यापूर्वी ऐकावे लागते. ज्या भाषेत आई मुलाला रागे भरते, त्या भाषेत जोवर सुवार्ता येत नाही, तोवर ती पाहुणीच राहते. मॅकॅलिस्टर यांनी गावोगावचे बोलणे कानांत साठविले. आळे खणले जाते ते असेच.

आता या हकीकतीतील सर्वांत नाजूक भागाकडे वळतो. १८६८-६९ मध्ये आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये राजपुतान्यावर भयंकर दुष्काळ कोसळला. हा दुसरा दुष्काळ संवत १९५६ मधला, म्हणून तेथील लोक त्याला आजही ‘छपनिया’ म्हणतात. आईबापांवाचून उघडी पडलेली मुले मिशनच्या अनाथालयांत आली, वाढली, शिकली, आणि त्यांतून राजस्थानातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग उभा राहिला. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून दुष्काळग्रस्त मुली व स्त्रिया आणून केडगावास आसरा दिला, तो याच काळात.

‘पोटासाठी बाटलेले’ हा शब्द आम्हां ख्रिस्ती लोकांच्या कानांवर पुष्कळदा पडला आहे. तो ऐकून संतापण्यापेक्षा त्यातील प्रश्नाला सामोरे जावे, असे मला वाटते. ज्या लेकराच्या हाती भाकरी आणि कानी प्रार्थना एकाच वेळी पडली, त्याने श्रद्धा निवडली असे म्हणता येईल काय? प्रामाणिक उत्तर असे, की त्या दिवशी तरी नाही. त्या दिवशी त्याने भाकरी निवडली, आणि ते योग्यच केले. भाकरी देणाऱ्यानेही तिच्यावर धर्माची मोहोर उठवू नये. भुकेल्याला अन्न हे भुकेसाठीच द्यावयाचे असते. परंतु गोष्ट तेथे संपत नाही. ते मूल मोठे झाले. देणारे हात पुढे थकले, गेले. निघून जाण्यास कोणी अडविणारे नसता जो तेथेच राहिला, ज्याने आपल्या लेकरांना तीच प्रार्थना शिकविली, आणि स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतीतून मंडळीच्या दानपेटीत दोन पैसे टाकले, त्याची श्रद्धा त्याची स्वतःची होती. तिला दुष्काळाचे नाव देऊन हिणविणे न्यायाचे नव्हे. मंडळी जन्मास आली असे म्हणावयाचे, ते घेणारा देणारा झाला त्या घटकेला.

हीच गोष्ट महाराष्ट्रात एका माणसाने फार तीव्रतेने ओळखली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पुढे दोन तपे अमेरिकन मराठी मिशनमध्ये सेवा केली. मिशनविषयी ते कृतघ्न नव्हते. परंतु परक्यांच्या पैशावर आणि परक्यांच्या सुरावर चाललेली मंडळी या मातीत खोल जाणार नाही, ही खंत त्यांना जाळीत होती. म्हणून त्यांनी भजने रचली, कीर्तने केली, अभंगाला ख्रिस्तचरणी नेले. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांना तेथे जागा होती. दोन वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात टिळक निवर्तले आणि दरबाराचा व्याप ओसरला. व्यवहारी माणूस म्हणेल, प्रयोग फसला. पण रविवारी सकाळी अहिल्यानगरच्या किंवा साताऱ्याच्या उपासनामंदिराबाहेर क्षणभर उभे राहा. आत टिळकांची पदे गाइली जात असतात. संस्था गेली, सूर राहिला. कित्येकदा असे होते, की जे रोप म्हणून लावले ते वाळते आणि त्याच्या बुडाशी सहज सांडलेले बी फोफावते.

जयपूर आणि महाराष्ट्र यांचे धागे पुढे एकत्र आले, हेही सांगावयास हवे. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये एकवटल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या ख्रिस्ती परंपरा मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आले. स्कॉटलंडमधील जुने तंटे राजपुतान्यातल्या कुणब्याने का वाहावेत? ते ओझे उतरविले गेले ते आपल्या नागपुरात.

आणि तरीही संख्या पाहू गेल्यास ती अल्पच आहे. २०११ च्या जनगणनेत साऱ्या राजस्थानात ख्रिस्ती लोक एक लाखही भरले नाहीत; हजारात जेमतेम दीड. धर्मांतराविषयी समाजात संशय आहे. राजस्थानच्या विधानसभेने २०२५ मध्ये बेकायदा धर्मांतरास प्रतिबंध करणारे विधेयक संमत केले. आपल्या घटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. कायद्याच्या बारकाव्यांत मी शिरत नाही. एवढेच म्हणतो, की अंतःकरण पालटणे ही कोणी कोणावर करावयाची क्रिया नव्हेच, ही गोष्ट ख्रिस्ती माणसाने न्यायालयाच्याही आधी आपल्या शास्त्रातून शिकावयास हवी होती. पेरणाऱ्याचा दृष्टान्त सांगताना येशूने बी आणि जमीन यांविषयी सांगितले. जमिनीवर बळजोरी करण्यास सांगितले नाही.

श्रोतेहो, आज जयपुरात, पुण्यात किंवा परमुलखातील एखाद्या शहरात दहाबारा माणसे भाड्याच्या खोलीत सतरंजी अंथरून नवी मंडळी सुरू करीत असतील. पहिल्या वर्षी दहाची पंधरा होतील, दुसऱ्या वर्षी पंधराची आठ होतील. कोणाची बदली होईल, कोणी रुसेल, घरमालक खोली मागेल. त्या वेळी एखादा आश्रयदाता शोधावा, एखादी मोठी इमारत बांधावी, असा मोह होईल. त्यांनी जयसिंगांच्या दरबारातील ते दोन परदेशी धर्मगुरू आठवावेत, आणि बोलींचे नमुने उतरवीत बसलेले मॅकॅलिस्टरही आठवावेत. कुंपण मिळाले तर त्याबद्दल आभार मानावेत. पण विश्वास टाकावा तो आळ्यावर. शेजाऱ्याची भाषा शिकावी, त्याच्या आजारात रात्र जागवावी, त्याच्या भाकरीवर अट घालू नये. वाढ किती झाली याचा हिशेब रोज उठून पाहू नये. रोप उपटून मुळे तपासणाऱ्याच्या बागेत काही वाढत नाही.

पाणी घालणे आपले. वाढविणारा निराळा आहे.