इंटरनेट हळू का चालतं?

(गणेशोत्सवात मंडळात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आरतीनंतर आणि प्रसादाच्या आधी बोलायला उभं केलं की वक्त्याला आपली जागा कळते. म्हणून थोडक्यात बोलतो.

माझी आई वाईला असते. वय ऐंशीच्या पुढे. ऐकू फारसं येत नाही, पण ओठांकडे पाहून तिला बोलणं कळतं. शेजारची मुलगी रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावून देते. काही वर्षांपूर्वी जयपूरहून मला आई स्वच्छ दिसायची, पण तिकडे माझाच चेहरा गोठायचा. "अरे, तुझं तोंड हलत नाही," ती म्हणायची. मी ३० एमबीपीएसचा प्लॅन बदलून १०० चा घेतला. बिल वाढलं, चेहरा होता तसाच. डॉक्टरांनी तिची रात्रीची एक गोळी बंद करायला सांगितली होती. मी ते सांगितलं, तिने मान हलवली. आठवड्याने कळलं, गोळी चालूच होती. तेव्हा हे प्रकरण मुळापासून समजून घ्यायचं ठरवलं.

पहिली गोष्ट आकड्यांची. कंपनी वेग सांगते 'बिट'मध्ये, आपण फाइल मोजतो 'बाइट'मध्ये. ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. ही फसवणूक नव्हे, मापं वेगळी आहेत. मात्र जाहिरातीतला 'पर्यंत' हा शब्द नीट वाचावा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं गेलं. त्यावर ३ मेगाबाइटचा एक फोटो यायला दीड मिनिट लागे. ही किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली.

दुसरी गोष्ट वाटणीची. आपल्याकडे बिसलपूरचं पाणी येतं. पाण्याच्या वेळेला गल्लीतल्या सगळ्यांनी मोटारी लावल्या की शेवटच्या घरात धार बारीक होते. केबल इंटरनेटचंही तसंच. गल्लीतली अनेक घरं एकाच तारेवर असतात. पहाटे सहाला वेग भरपूर, रात्री नऊला सगळे सिनेमा पाहायला बसले की आपली धार बारीक. फायबरमध्येही वाटणी असते, पण तिथे मुळात पाणी पुष्कळ.

तिसरी गोष्ट माझ्या उपयोगाची ठरली. वेग दोन असतात, उतरण्याचा आणि चढण्याचा, म्हणजे डाउनलोड आणि अपलोड. जाहिरातीत ठळक छापतात तो पहिला. केबलची व्यवस्था टीव्हीसाठी उभी राहिली, त्यामुळे तीत घराकडे येणारा रस्ता रुंद आणि घरातून जाणारा अरुंद. आई मला दिसते ती माझ्या डाउनलोडवर, मी तिला दिसतो तो माझ्या अपलोडवर. मी पैसे भरून रुंद रस्ता आणखी रुंद केला, अडचण अरुंद रस्त्यावर होती!

रात्री नऊला लॅपटॉप तारेने मोडेमला जोडून वेग तपासला. अपलोड अर्धा एमबीपीएससुद्धा नव्हता. व्हिडिओ कॉल नीट चालायला एक-दीड तरी हवा. तंत्रज्ञाला बोलावलं. गच्चीवर एक स्प्लिटर निघाला. त्यातून तीन तारा गेल्या होत्या. त्यातली एक कधीच्या मोडीत काढलेल्या टीव्हीची, टोक उघडं, जोड गंजलेला. स्प्लिटर सिग्नल वाटतो, आणि उघड्या टोकातून बाहेरचा गोंगाट आत शिरतो. गल्लीभरच्या घरांचा असा गोंगाट अपलोडच्या एकाच वाटेवर जमा होतो. म्हणजे माझ्या गच्चीवरचा गंज शेजाऱ्यांनाही त्रास देत होता! दहा मिनिटांत जुनी तार काढली, नवा जोड बसवला. त्या रात्री अपलोड तीनवर गेला. पुढच्या महिन्यात मी पुन्हा ३० चा प्लॅन घेतला.

चौथी गोष्ट वायफायची. चारदिवारीतल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींपुढे चांगला राउटरही हतबल होतो. तो कपाटात, टीव्हीमागे ठेवू नका. घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो, २.४ दूर जातो, पण त्यावर शेजाऱ्यांचीही गर्दी असते.

तेव्हा महागडा प्लॅन घेण्याआधी एवढं करा. वायफाय बाजूला ठेवून तारेने वेग मोजा. पहाटे एकदा, रात्री एकदा. दोन्ही आकडे, डाउनलोड आणि अपलोड, वहीत लिहा. तारेने वेग बरा आणि वायफायवर कमी, तर दोष घरातला. पहाटे बरा आणि रात्री कमी, तर गर्दी. दोन्ही वेळा कमी, तर जोड आणि तार तपासायला सांगा. तक्रार करताना 'नेट स्लो आहे' म्हणू नका, वहीतले आकडे वाचून दाखवा. ऐकणाऱ्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

आमच्या गल्लीत आता फायबर आलं आहे. पण आई अजून कॉल लागला की आधी विचारते, "तोंड हलतंय ना रे?" मी हो म्हणतो, आणि तिला ते दिसतं.

आपल्यापैकी अनेकांचं कोणी ना कोणी दूर आहे, कुणी साताऱ्यात, कुणी सातासमुद्रापार. ज्यांना वेग मोजायला मदत हवी असेल, त्यांनी प्रसादानंतर मला गाठावं. मी लॅपटॉप आणि तार घेऊन घरी येईन. चहा मात्र लागेल.

गणपती बाप्पा मोरया!